यजमान कोण? : आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा आणि शहराची कुवत

एखाद्या शहराला मोठ्या क्रीडास्पर्धेचे ‘यजमानपद’ मिळाल्याची बातमी येते तेव्हा त्या शब्दावर आपण फारसे थांबत नाही. पाहुण्यांना बोलावणारा, त्यांची सोय पाहणारा तो यजमान, एवढा अर्थ आपल्याला पुरतो. नाशिकमध्ये मात्र हा शब्द आणखी एका, जुन्या आणि काटेकोर अर्थाने वापरात आहे. रामकुंडावरचे क्षेत्रोपाध्ये बाहेरगावाहून आलेल्या यात्रेकरूला यजमान म्हणतात. उतरण्याची सोय करणारे, विधी सांगणारे ते स्वतः असतात. यजमान मात्र तो, ज्याच्या नावाने संकल्प सोडला जातो, ज्याला त्याचे पुण्य मिळायचे असते आणि ज्याच्या कनवटीतून दक्षिणा जाते. त्याचे नाव, गाव, कुळ उपाध्यायांच्या वहीत लिहिले जाते आणि पुढच्या पिढीतला कोणी आला की ते पान पुन्हा उघडते.

आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवण्याची शहराची कुवत तपासताना हा नाशिकचा अर्थ मला अधिक उपयोगी वाटतो. संकल्प कोणाच्या नावाने सुटतो, दक्षिणा कोण देतो, पुण्य कोणाच्या पदरी पडते आणि वहीत काय लिहिले जाते, हे चार प्रश्न त्यातून आपोआप उभे राहतात. क्रीडानगरीविषयीच्या आपल्याकडच्या चर्चेत ते फारसे विचारले जात नाहीत. तिथे प्रेक्षागाराची आसनसंख्या, विमानतळाची धावपट्टी आणि तारांकित हॉटेलांतल्या खोल्या यांचीच मोजदाद होते. या गोष्टी लागतात, यात वाद नाही. पण त्या असूनही स्पर्धा हातची गेलेली शहरे आहेत, आणि त्यांतले बरेच काही नसताना स्पर्धा नीट पार पाडलेली ठिकाणेही आहेत. म्हणजे कुवत आणखी कुठेतरी असली पाहिजे. ती कुठे असते, हे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कुंभाचा दाखला

नाशिकमध्ये हा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आम्ही दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरवतो, आम्हाला स्पर्धेचे काय अवघड?’ या वाक्यात तथ्य आहे, म्हणूनच ते तपासले पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक महापालिका क्षेत्राची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आत होती. पर्वणीच्या दिवशी या शहरात आणि त्र्यंबकेश्वरात जो जनसमुदाय येतो, तेवढा कोणत्याही ऑलिंपिकच्या एका दिवसात एका ठिकाणी येत नाही. तपोवनात साधुग्राम उभे राहते, पाणी, वीज, शौचालये, दवाखाने येतात आणि मेळा संपल्यावर ते सारे उठून जाते. २०२७ च्या सिंहस्थासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये स्वतंत्र कुंभमेळा प्राधिकरण स्थापन केले. रस्ते, पूल, घाट यांची कामे त्यातून निघाली.

पण सिंहस्थ आणि क्रीडास्पर्धा यांच्यात एक मूलभूत फरक आहे. सिंहस्थाचे यजमानपद नाशिकला कोणी दिलेले नाही आणि कोणी काढूनही घेऊ शकत नाही. गुरू सिंह राशीत आला की मेळा भरतो. त्यासाठी निविदा नाही, प्रतिस्पर्धी शहर नाही, पाहणी करायला येणारे पथक नाही. येणारा यात्रेकरू आपले अंथरूण आणि शिधा पुष्कळदा बरोबर आणतो, गैरसोय हा यात्रेचा भाग मानतो आणि स्नान घडले की कृतार्थ होऊन परततो. खेळाडूची गोष्ट वेगळी. त्याला ठरल्या वेळी ठरला आहार, निवांत झोप, सरावाला वेगळी धावपट्टी आणि उत्तेजक-चाचणीसाठी बंदिस्त खोली लागते. शंभर मीटरच्या शर्यतीत पाठीमागचा वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा अधिक असला तर विक्रम धरला जात नाही. पहिला-दुसरा ठरवायला सेकंदाचा हजारावा भाग वाचावा लागतो. पर्वणीची गर्दी मात्र आपण लाखांच्या ठोकताळ्यात सांगतो आणि दोन खात्यांचे आकडे जुळले नाहीत तरी कोणाचे काही अडत नाही. सिंहस्थातून शहराचा सोसण्याचा गुण दिसतो. स्पर्धेला लागणारा नेमकेपणा हा वेगळा गुण आहे आणि पहिला असला म्हणजे दुसरा असतोच असे नाही.

शिवाय सोसण्यालाही मर्यादा आहेत. २७ ऑगस्ट २००३ रोजी शाही स्नानाच्या दिवशी अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचे प्राण गेले. त्यानंतर चौकशी झाली, मिरवणुकीच्या मार्गाचा पुनर्विचार झाला. २०१५ च्या पहिल्या पर्वणीला मग दुसरे टोक गाठले गेले. जागोजाग अडथळे उभारल्याने भाविकांना मैलोन्‌मैल चालावे लागले, आणि बंदोबस्त अति झाल्याची टीका शहरातूनच झाली. पुढच्या पर्वण्यांना तो सैल करण्यात आला. त्याच वर्षी ‘कुंभथॉन’ या उपक्रमातून स्थानिक विद्यार्थ्यांनी रस्त्यावर अंथरण्याची एक चटई तयार केली होती. तिच्यावरून किती पावले गेली हे मोजता येत असे. मला सिंहस्थाच्या साऱ्या पसाऱ्यात ही चटई फार महत्त्वाची वाटते. ठोकताळ्याकडून मोजमापाकडे जाण्याची ती एक छोटी पायरी होती, आणि स्पर्धा भरवू पाहणाऱ्या शहराला नेमक्या याच वाटेने जावे लागते.

गर्दीचा हा प्रश्न केवळ तीर्थक्षेत्रांचा नाही, याचा दाखला अलीकडचाच आहे. २०२५ च्या महिला क्रिकेट विश्वचषकाचे काही सामने बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर व्हायचे होते. ४ जून २०२५ रोजी आयपीएल विजेत्यांच्या स्वागतासाठी त्या मैदानाबाहेर जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर ते सामने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानाकडे वळवण्यात आले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या महिला संघाने तिथेच विश्वचषक जिंकला. चिन्नास्वामीचे मैदान, खेळपट्टी, प्रकाशझोत सारे जागच्या जागी होते. कमी पडला तो फाटकाबाहेरचा रस्ता. फाटकाच्या आतले क्रीडासंघटना उभारू शकते, बाहेरचे शहरालाच उभारावे लागते.

इमारत आणि तिचे आयुष्य

इमारत उभी करणे हे या साऱ्यात सर्वांत सोपे काम आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल. पण मुंबईचा वानखेडे स्टेडियम तेच सांगतो. ब्रेबॉर्नचे मालक असलेला क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि तेव्हाची बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांच्यात तिकिटांच्या वाटपावरून वाद झाला, आणि शेषराव वानखेडे यांनी इरेला पेटून हाकेच्या अंतरावर दुसरे मैदान उभे करवले. सुमारे तेरा महिन्यांत ते तयार झाले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. त्याच्या द्विशतकानंतर अभिनंदनासाठी मैदानात धावलेल्या एका तरुणाला पोलिसांनी मारहाण केली, प्रेक्षक भडकले, दंगल झाली आणि खेळ थांबवावा लागला. सिमेंट तेरा महिन्यांत वाळले, पण प्रेक्षक, पोलीस आणि संयोजक यांचे एकमेकांशी वागण्याचे वळण तेवढ्या वेळात बसले नव्हते. ते बसायला पुढे कित्येक हंगाम लागले. २०११ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडेवर झाला त्यामागे छत्तीस वर्षांची ही वहिवाट होती.

पुण्याजवळच्या बालेवाडीचे उदाहरण याहून बोलके आहे. श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी उभे राहिले. अशी संकुले स्पर्धा संपली की गवतात जातात, हा सर्वत्रचा अनुभव. बालेवाडीच्याही देखभालीविषयी तक्रारी झाल्या. पण संकुलाला कामे मिळत राहिली. ऑक्टोबर २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या. जुलै २०१३ मध्ये आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धा झाली. पुढे इंडियन सुपर लीगमधल्या पुण्याच्या फुटबॉल संघाचे ते घरचे मैदान झाले. २०१८ पासून काही वर्षे पुरुषांच्या जागतिक टेनिस मालिकेतली स्पर्धा तिथे भरली आणि २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई फुटबॉल चषकाचे सामने झाले. एका वास्तूने तीन दशकांत इतके वेगवेगळे खेळ अंगावर घेतले, याचे श्रेय आराखड्याला थोडे आणि तिला जागते ठेवणाऱ्या कामांना अधिक आहे. प्रत्येक स्पर्धा मागे काही माणसे ठेवून जाते. वेळ नोंदवणारे, अंतर मोजणारे, पंच, मैदानसेवक, परदेशी संघांबरोबर हिंडलेले स्वयंसेवक असे हे लोक. पुढच्या स्पर्धेचे खरे भांडवल तेच असतात. आसने मोजता येतात, ही माणसे कोणत्याही प्रस्तावाच्या तक्त्यात येत नाहीत.

उघडे दार

२०१३ ची आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धा मुळात पुण्याची नव्हतीच. ती चेन्नईला व्हायची होती. चेन्नईजवळ मैदान होते, अनुभव होता, खेळावर प्रेम करणारा प्रेक्षक होता. पण श्रीलंकेतील तमिळांच्या प्रश्नावरून तापलेल्या वातावरणात तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता यांनी श्रीलंकेचे खेळाडू येणार असतील तर स्पर्धा भरवता येणार नाही, अशी भूमिका घेतली. ती भूमिका राजकीय अर्थाने योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय आहे. आपल्या प्रश्नापुरते एवढेच दिसते, की प्रत्येक सहभागी देशाला दार उघडे ठेवणे ही आंतरराष्ट्रीय स्पर्धेची पहिली अट आहे. ती मोडली की बाकीची सारी तयारी व्यर्थ जाते. पुण्याला स्पर्धा मिळाली ती दार उघडे होते म्हणून, आणि पावसाळ्याच्या तोंडावर का होईना, वापरात असलेली धावपट्टी होती म्हणून.

याच तमिळनाडूने नऊ वर्षांनी वेगळे चित्र दाखवले. २०२२ ची बुद्धिबळ ऑलिंपियाड रशियात व्हायची होती. युक्रेन युद्धानंतर ती तिथून काढून घेण्यात आली आणि मार्चमध्ये भारताला मिळाली. २८ जुलैला ती सुरू झाली. मधे साडेचार महिनेही नव्हते. ठिकाण चेन्नईपासून जवळचे मामल्लपुरम, पल्लवांच्या शिल्पांसाठी प्रसिद्ध असलेले लहानसे गाव. १८० हून अधिक देशांचे संघ तिथे आले. नवे स्टेडियम बांधण्याचा प्रश्नच आला नाही. एका हॉटेलच्या आवारातली सभागृहे पुरली. हे शक्य झाले कारण मॅन्युएल आरन यांच्यापासून विश्वनाथन आनंद यांच्यापर्यंत आणि पुढेही त्या प्रदेशात बुद्धिबळ घराघरांत, शाळाशाळांत रुजलेले होते. शेकडो पट एकाच वेळी चालू असताना काय करायचे असते, हे जाणणारे पंच हाताशी होते. सरकार मागे उभे राहिले हे खरेच, पण सरकारला चार महिन्यांत पंच तयार करता आले नसते.

२०२५ च्या नोव्हेंबरात गोव्याने बुद्धिबळाचा विश्वचषक भरवला तोही असाच. २०६ खेळाडू आले. गोव्यात बाराही महिने परक्या देशातल्या पाहुण्यांची उठबस असते. जे रोज चालते तेच थोडे वाढवून करायचे होते. या सगळ्या उदाहरणांतून माझ्या हाती लागलेले सूत्र असे : शहर जे रोज करते, तेवढेच ते पाहुण्यांसमोर नीट करू शकते. पाहुण्यांसाठी म्हणून जे पहिल्यांदाच करायला जाते, तिथे फजिती होते.

दक्षिणा आणि वही

आता पैशाकडे येऊ. माँट्रियल शहराने १९७६ च्या ऑलिंपिकसाठी जे कर्ज केले ते फेडून व्हायला २००६ साल उजाडले. ऑलिंपिकच्या वर्षी जन्मलेला मूल तिशीत पोहोचेपर्यंत त्या सोहळ्याचे हप्ते भरत होता. त्या अनुभवाने पोळलेल्या लॉस एंजेलिसच्या नागरिकांनी १९८४ च्या खेळांआधी मतदानाने ठरवून टाकले, की शहराच्या तिजोरीवर या खेळांचा भार पडू द्यायचा नाही. मग संयोजकांना १९३२ च्या ऑलिंपिकचेच जुने मैदान वापरावे लागले, विद्यापीठांच्या वसतिगृहांत खेळाडूंची सोय करावी लागली. वीस कोटी डॉलरांहून अधिक शिल्लक उरली. नागरिकांनी दिलेला नकार संयोजकांना शहाणपणा शिकवून गेला. २०१५ मध्ये बॉस्टनच्या महापौरांनी तोटा भरून देण्याच्या हमीपत्रावर सही करायला नकार दिला आणि शहराने माघार घेतली. त्याच वर्षी हॅम्बुर्गच्या मतदारांनी कौल देऊन प्रस्ताव फेटाळला. या दोन शहरांत ‘कुवत’ नव्हती असे कोणी म्हणणार नाही. दक्षिणा द्यायची ज्याला, त्याला आधी विचारले गेले, एवढेच.

आपल्याकडे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेचे यजमानपद २००३ मध्येच मिळाले होते. हाताशी सात वर्षे होती. तरीही उद्घाटनाला दोन आठवडे नसताना मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला. महालेखापरीक्षकांच्या २०११ च्या अहवालातली मुख्य तक्रार मला भ्रष्टाचाराच्या बातम्यांहून महत्त्वाची वाटते. समित्या पुष्कळ होत्या, पण अखेरची जबाबदारी एका ठिकाणी निश्चित नव्हती. संकल्प कोणाच्या नावाने सुटला हेच ठरले नव्हते, म्हणून चूक कोणाच्या नावावर लिहायची हेही ठरेना. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तो हिशेब तपासला गेला, छापला गेला, आज कोणालाही वाचता येतो. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला द्यायचे २०२५ च्या नोव्हेंबरात ठरले. त्या शहराच्या तयारीची चर्चा प्रेक्षागाराच्या आकारावरून सुरू होते. ती २०११ च्या अहवालावरून सुरू व्हायला हवी, असे मला वाटते.

नाशिकपुरते

एवढा फेरा मारून आता नाशिककडे येतो. या शहराने मोठ्या स्पर्धेचे स्वप्न पाहावे का? पाहावे, पण आपल्या हाडापेराचे पाहावे.

नाशिक जिल्ह्याने देशाला कोणते खेळाडू दिले ते पाहा. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत हिने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात तेराव्या स्थानावर राहिला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या चौघांच्या नौकेत होता. नाशिकमध्ये वाढलेला विदित गुजराथी मामल्लपुरमला भारताकडून खेळला आणि २०२४ मध्ये बुडापेस्टला सुवर्ण मिळवणाऱ्या संघातही होता. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पुरी केली. लांब पल्ल्याचे धावणे, वल्हवणे, सायकल, बुद्धिबळ अशी ही यादी आहे. दम आणि चिकाटी मागणारे हे खेळ आहेत, आणि यांपैकी कशालाही पन्नास हजारांचे प्रेक्षागार लागत नाही.

क्रिकेटचे म्हणाल तर गोल्फ क्लबचे, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. २०१८ मध्ये महाराष्ट्र-सौराष्ट्र आणि जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र-बडोदा असे रणजी सामने तिथे झाले. या मैदानाला मोठे प्रेक्षागार नाही, पण त्याच्याभोवती पहाटेपासून शहर चालत असते. सकाळी फिरणारे, धावणारे, पोलीसभरतीची तयारी करणारी मुले, निवृत्त मंडळी, सारे तिथे. या मैदानाची जागा घेणारे ‘जागतिक दर्जाचे’ काही उभारायचे आणि या माणसांना कुंपणाबाहेर घालवायचे, असे झाले तर स्पर्धा येईलही, पण यजमान कुंपणाबाहेर उभा राहील.

सायकलीचा विचार मात्र जरूर व्हावा. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या पंचांगातली बहुटप्प्यांची शर्यत झाली. ४३७ किलोमीटरची. या खेळात रस्ता हेच मैदान आणि वाटेवरची गावे हेच प्रेक्षागार असते. नाशिकजवळ त्र्यंबकचा चढ, कसारा घाट, द्राक्षबागांमधून जाणारे दिंडोरी-निफाडचे रस्ते आहेत, आणि दरवर्षी सायकलवरून पंढरीची वारी करणारे हौशी लोकही आहेत. सिंहस्थासाठी रस्त्यांवर मोठा खर्च होतोच आहे. सिंहस्थानंतर हे रस्ते शर्यतीच्या दर्जाचे राहतील का, हा प्रश्न शर्यत आणणाऱ्यांपेक्षा रोज त्यावरून दुचाकीने कामाला जाणाऱ्यांना अधिक महत्त्वाचा आहे. इथे पाहुण्याची सोय आणि घरच्याची सोय एकच होते. अशीच स्पर्धा शहराने मागावी.

जिथे या दोन सोयी एक होत नाहीत तिथे आधी थांबावे. २०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला शहरातून जो विरोध झाला, तो याच जाणिवेतून होता. मेळा काही महिन्यांचा, झाडे काही पिढ्यांची. विरोध करणारे सिंहस्थाच्या विरोधात नव्हते. यजमान म्हणून आपल्याला विचारले जावे, एवढे त्यांचे म्हणणे होते. उद्या क्रीडासंकुलासाठी जमीन, पाणी, झाडे मागितली जातील तेव्हा हाच प्रश्न पुन्हा येईल. तो अडथळा समजून बाजूला सारणारे शहर माझ्या मते स्पर्धेला लायक नाही. २०२१ च्या अर्थसंकल्पात नाशिकसाठी टायरवर धावणाऱ्या मेट्रोची घोषणा झाली होती. ती अजून कागदावर आहे. अशा घोषणांच्या भरवशावर परदेशी महासंघाला शब्द देणे म्हणजे दुसऱ्याच्या दक्षिणेवर संकल्प सोडणे होय.

कुंभाकडून स्पर्धेने शिकावे असे एक मात्र आहे, आणि ते नाशिकला इतर शहरांपेक्षा चांगले येते : तात्पुरते उभारणे आणि उठवून नेणे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये आपले धोरण बदलून असलेल्या आणि तात्पुरत्या वास्तू वापराव्यात असे सांगायला सुरुवात केली, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकने बव्हंशी तसेच केले. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या तंबूंचे नगर वसवले आणि मोडले, त्याला ही कला नव्याने शिकायची नाही. तिला मोजमापाची जोड द्यावी लागेल, एवढेच. पावले मोजणारी ती चटई पुढे न्यावी लागेल.

म्हणून एखादे शहर लायक आहे की नाही हे ठरवताना मी तीन गोष्टी विचारीन. तो खेळ त्या शहरात स्पर्धा नसतानाही खेळला जातो का, आणि तो जाणणारे पंच, मैदानसेवक, कार्यकर्ते तिथे राहतात का? खर्चाची, सुरक्षिततेची आणि सर्व देशांना दार उघडे ठेवण्याची हमी एका नावाने, नागरिकांना विचारून दिली आहे का? आणि स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मैदानाचे फाटक कोणासाठी उघडते? पहिल्या दोन प्रश्नांना नाशिकने काही खेळांपुरते तरी ‘हो’ म्हणावे, अशी स्थिती आणता येईल. तिसऱ्याचे उत्तर आज कोणत्याच प्रस्तावात लिहिलेले नसते. सावरपाड्याहून पहिल्या एसटीने येणाऱ्या मुलीला त्या धावपट्टीवर पैसे न भरता धावता येईल, असे वाक्य करारात घालून घेणारे शहर मला प्रेक्षागार बांधणाऱ्या शहरापेक्षा अधिक समर्थ वाटेल.

उपाध्यायांच्या वहीत यजमानाने काय दिले याबरोबर तो कोणासाठी आला होता हेही लिहिलेले असते. शहराच्या वहीतही ते लिहिले जावे.